जूनमध्ये दिसेनाशी झालेली रानफुले

प्रश्न : ओहायो राज्यातील आमच्या घरामागे ओक आणि मेपल वृक्षांची दाट सावली आहे. दोन वर्षांपूर्वी तेथे आम्ही व्हर्जिनिया ब्लूबेल आणि डचमन्स ब्रीचेस ही स्थानिक फुलझाडे लावली आणि ट्रिलियम या रानफुलाचे ताजे बी पेरले. ब्लूबेल एप्रिलमध्ये सुंदर फुलले. परंतु जूनमध्ये दोन्ही झाडांचे पानही उरले नाही. ट्रिलियमचे तर जेमतेम एकेक पान वर आले आहे. जागा खणून नवीन रोपे लावावीत काय? रानात ट्रिलियम भरपूर दिसते. तेथून थोडे आणले तर चालेल काय?

उत्तर : कृपया खणू नका, आपली झाडे जिवंत आहेत. पानगळीच्या जंगलात बर्फ वितळल्यापासून वृक्षांना पालवी फुटेपर्यंत काही आठवडेच जमिनीपर्यंत भरपूर ऊन पोहोचते, आणि तेवढ्या अवधीत ही झाडे पाने, फुले व बी धरून पुढच्या वर्षाचे अन्न जमिनीखाली साठवतात. वृक्षांच्या पालवीने वरचे छत्र दाट झाले की या झाडांची पाने पिवळी पडून गळतात आणि झाड पुढील वसंतापर्यंत सुप्त राहते. म्हणूनच पिवळी पडणारी पाने कुरूप दिसली तरी ती कापू नयेत. अन्नसाठा त्याच दिवसांत पुरा होत असतो. रिकाम्या दिसणाऱ्या जागी खुणेची काठी रोवून ठेवावी, कारण सुप्त कंदांवर फावडे चालण्याचे प्रकार शरद ऋतूतील लागवडीत फार घडतात.

ट्रिलियमविषयी मात्र अधिक धीर लागेल. त्याच्या बियाला साधारणपणे दोन हिवाळे लागतात: पहिल्यानंतर मूळ फुटते, दुसऱ्यानंतर पान वर येते. तेव्हा आपले एकेक पान हे अपयश नसून वेळापत्रकाप्रमाणे झालेली प्रगती आहे. त्यानंतर तीन पानांचे रोप होऊन पहिले फूल येईपर्यंत सात किंवा त्याहूनही अधिक वर्षे जातात. त्याच्या बियाला एक स्निग्ध, मांसल भाग चिकटलेला असतो. त्याच्या ओढीने मुंग्या बी वारुळात नेतात, तो भाग खातात आणि बी तेथेच टाकून देतात. डचमन्स ब्रीचेस आणि ब्लडरूट हे आणखी एक रानफूल यांचा प्रसारही असाच होतो. मला या व्यवस्थेचे फार अप्रूप वाटते, आणि त्यासाठीच अशा बागेत कीटकनाशक फवारू नये असे मी आग्रहाने सांगेन.

गळलेला पाचोळा झाडून नेऊ नका. मेपलच्या ओल्या पानांचा जाड थर बसत असेल तर तो थोडा चुरून पसरावा, एवढेच. वृक्षांच्या मुळांवर नवीन मातीचा ढीग घालण्याचा मोह टाळावा. मुळांच्या फटींमध्ये लहान रोपे लावणे वृक्ष आणि रोपे या दोघांच्याही हिताचे असते. उन्हाळ्यातील उघडी जागा भरण्यासाठी ख्रिसमस फर्न, फोमफ्लॉवर आणि रानआले ही स्थानिक झाडे उत्तम आहेत. फर्नची नवी पाने नेमकी ब्लूबेल ओसरू लागताना उलगडतात. लेसर सेलंडाइन हे युरोपातून आलेले पिवळे फूल मात्र कोणी प्रेमाने दिले तरी घेऊ नका; तेही वसंतात फुलून नाहीसे होते, परंतु गाठी-कंदांनी पसरून स्थानिक फुलांची जागा बळकावते.

रानातून ट्रिलियम आणणे मुळीच योग्य नाही. फुलावर आलेले प्रत्येक झाड अनेक वर्षांचे असते, हरणे त्याचे शेंडे खाऊन त्याला आधीच दुर्बळ करत असतात, आणि उपटलेले झाड नव्या जागी बहुधा तग धरत नाही. रोपवाटिकेतून घेतानाही एक प्रश्न अवश्य विचारावा: झाड तेथेच बियापासून किंवा कंद विभागून तयार केले आहे, की रानातून आणून काही काळ कुंडीत वाढवले आहे? ‘रोपवाटिकेत वाढवलेले’ या शब्दांत दुसरा प्रकारही बसतो. फुलावर आलेले ट्रिलियम फारच स्वस्त मिळत असेल, तर ते रानातून उपटलेले असण्याची शंका जरूर घ्यावी.