क्लिनिक सुरू करतेयस, तर आधी हे शिक

कोथरूडला दातांचं क्लिनिक सुरू करतेयस, छान! नोंदणी टिकवायला सीडीईचे, म्हणजे दंतवैद्यांच्या निरंतर शिक्षणाचे, गुण लागतात, पण त्यासाठी इम्प्लांटच्या महागड्या कोर्सला लगेच धावू नकोस. आधी रोजच्या कामात काय बदललंय ते शिक. कीड खोल असली, पण दात जिवंत असला, तर पल्पजवळचं (दाताच्या आतल्या नसेजवळचं) मऊ डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा थर, सगळं खरवडायचं नाही. कडा मात्र स्वच्छ आणि टणक हव्यात, तरच फिलिंग नीट सील होतं. आतलं मऊ डेंटिन थोडं ठेवल्यानं पल्प उघडा पडायचा धोका बराच कमी होतो. आणि दुखतंय म्हणून अँटिबायोटिक लिहायची सवय तर लावूच नकोस. यावरची अमेरिकन डेंटल असोसिएशनची २०१९ची मार्गदर्शिका नक्की वाच. ताप किंवा पसरणारी सूज असेल तर गोष्ट वेगळी. पेशंट हट्ट धरतात. तरी शांतपणे समजावून सांग.