श्वास किती वेळा मोजायचे?

"झोप लागत नाही" अशी तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांमध्ये हल्ली एक वेगळा गट दिसतो. पहिला अर्धा तास बीपी, ऑफिस, सोसायटीतली भांडणं यात जातो आणि मग आवाज जरा खाली येतो. "मॅडम, हसू नका, पण आमच्या कुत्र्याला हार्टचा त्रास निघालाय." त्यामागून येणारा प्रश्नही ठरलेला असतो. "रात्री झोपेत त्याला काही झालं आणि मला कळलंच नाही तर?"

मी हसत नाही. घरात कुणीतरी "कुत्राच तर आहे" म्हणून मोकळं झालेलं असतं, त्यामुळे ही माणसं काळजीसुद्धा चोरून करतात. आणि चोरून करायच्या गोष्टींना रात्रच सोयीची.

ज्या काकांबद्दल लिहितेय ते ठाण्यातल्या वसंत विहारमधले निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या परवानगीने लिहितेय, आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत. बिट्टू हा त्यांचा अकरा वर्षांचा पॉमेरेनियन. लस द्यायला नेलं तेव्हा व्हेटना छातीत मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आली. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर कळलं की हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होऊन गळतेय, थोडं रक्त उलटं फिरतंय आणि त्या भाराने हृदयाची डावी बाजू मोठी झालीय. लक्षण मात्र एकही नाही. कुरिअरवाला आला की बिट्टू पूर्वीसारखाच दार डोक्यावर घेत होता.

व्हेटनी पिमोबेंडन हे हृदयाचं औषध सुरू केलं आणि सांगितलं, गाढ झोपेत असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजत जा. आकडा ३०च्या वर राहायला लागला तर फोन करा. सल्ला अगदी योग्य होता. फक्त किती वेळा मोजायचं, हे काकांनी विचारलं नाही.

"तुम्ही किती वेळा मोजता?"

"जाग येईल तेव्हा."

"आणि जाग किती वेळा येते?"

"मी झोपतो कुठे?"

एकदा तर रात्री दोन वाजता टॉर्च मारून मोजताना बिट्टूच दचकून उठला आणि धापा टाकायला लागला. काकांनी रिक्षा करून त्याला इमर्जन्सीला नेलं. तिथे पोहोचेपर्यंत स्वारी शेपूट हलवत होती. जागा झालेला, घाबरलेला कुत्रा जोरात श्वास घेणारच. तो आकडा वहीत लिहायच्या लायकीचाच नव्हता. पण काकू त्या दिवसापासून हॉलमध्ये झोपायला लागल्या.

मी त्यांना ती वही घेऊन यायला सांगितलं. पुढच्या भेटीत वही टेबलावर आली. इंजिनिअरची वही, पट्टीने आखलेली. तारीख, वेळ, आकडा. २४, २६, २२, २५. पानामागून पान. मी घाई केली नाही, एकेक रकाना बोटाने वाचत गेले. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहायला शिकावं लागतं आणि मला ते आता बरं जमतं.

"काका, ही वही कुणाची?"

"बिट्टूची."

"यात बिट्टू मला रोज शांत झोपलेला दिसतोय. ११.४०, १.१०, २.०५, ३.३०. या वेळा कुणाच्या?"

काका बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी जागा असलो तर तो जाणार नाही, असं वाटतं मला." आणि लगेच, "हे मोठ्याने बोललं की किती खुळचट वाटतं ना?"

खुळचट नव्हतं, पण गाठ तीच होती. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने काम करते. माणसाला घटना जितकी छळते, त्याहून जास्त तिच्याबद्दलचा त्याचा हट्ट छळतो, हे या वाटेचं सार. बिट्टूला त्रास होऊ लागला तर लवकर कळावं, ही इच्छा रास्त आहे. मला कळलंच पाहिजे, प्रत्येक क्षणी कळलं पाहिजे, नाहीतर मी नालायक, हा हट्ट. इच्छेला दिवसातून एकदा मोजलेला आकडा पुरतो. हट्टाला रात्रभर मोजूनही पुरत नाही.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. रात्री बिट्टू गाढ झोपला की टॉर्च न लावता, हात न लावता एकदाच मोजायचं. छाती वर-खाली झाली की एक श्वास. आकडा लिहायचा, वही बंद. एक दिवस काका मोजणार, एक दिवस काकू. ३०च्या वर गेला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायचा, तरी वरच असेल तर व्हेटना फोन. आणि हिरड्या निळसर किंवा राखाडी दिसल्या, भोवळ येऊन पडला, आडवं होताच येईना, बसल्या जागी तोंड उघडून धापा टाकायला लागला, तर मोजत बसायचं नाही, सरळ निघायचं. रात्री चालू असलेल्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवर. एवढं लिहून झाल्यावर बाकी रात्रीची जबाबदारी कुणाचीच नाही, हे मी दोघांकडूनही वदवून घेतलं.

अपराधीपणाचं काय? तो येतोच. "आधी लक्षात यायला हवं होतं." लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये ही झडप वयानुसार झिजते, ते तुमच्या खाऊ घालण्याने किंवा फिरायला न नेण्याने होत नाही. उलट लक्षणं नसताना सापडलं हे बरंच झालं. हृदय मोठं झालंय पण त्रास सुरू नाही, अशा टप्प्यावर पिमोबेंडन दिलं तर हार्ट फेल्युअर साधारण १५ महिने लांबतं, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. काका हे मला पाठ म्हणून दाखवायचे. पण त्या महिन्यांचं काय करायचं, हे त्यांच्या वहीत कुठेच नव्हतं. तलावपाळीचा फेरा बंद, पाहुणे बंद, काकूंनी पापडाचा तुकडा टाकला म्हणून दोन दिवस अबोला. (मीठ कमी हवंच, पण अबोल्याने ते कमी होत नाही.)

१९४४ साली एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञाने युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या बायकांबद्दल लिहिलं होतं. काहींनी नवरा गेलाच असं धरून इतका शोक केला, की तो जिवंत परतल्यावर त्याच्यासाठी मनात जागाच उरली नव्हती. हे सांगितलं तेव्हा काकू पटकन म्हणाल्या, "मग बिट्टू घरात असून आम्ही त्याला पोचवूनच आलो की!" खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा ते वाक्य जास्त कामाला आलं. व्हेटना विचारून संध्याकाळचा फेरा सुरू झाला, ऊन उतरल्यावर, बिट्टूच्या चालीने.

एक काम मात्र मी टाळू दिलं नाही. खर्च कुठपर्यंत झेपेल, आणि त्याला श्वासच पेलेनासा झाला तर काय करायचं, हे दोघांनी शांतपणे बोलून घ्यायचं. हे रात्री अडीच वाजता दवाखान्याच्या बाकावर ठरवू नये.

काही महिन्यांनी आकडा ३८ झाला, तासाभराने ४०. काकांनी फोन केला, फुप्फुसात पाणी साठायला लागलं होतं, लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइडची गोळी सुरू झाली. मला त्यांनी कळवलं ते चार दिवसांनी, आणि आवाज ठीक होता. आता रात्री तीनला बिट्टूला खाली न्यावं लागतं म्हणाले. त्याचं पाणी तोडू नका, संध्याकाळची गोळी थोडी आधी चालेल का ते व्हेटना विचारा, असं मी सुचवलं. ते त्यांनी आधीच विचारलं होतं.