खलाशाचा पगार थकला तर बंदरातलं जहाज कोर्टाकडून अडवता येतं का?

भाऊ मालवाहू जहाजावर आहे, 5 महिन्यांचा पगार थकलाय, मालक कंपनी फोन उचलत नाही आणि जहाज 4 दिवसांत बंदर सोडणार. ते थांबवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. मी नौवहन खटल्यांचं काम करतो. आजच त्या बंदरातला सागरी कायद्याचा वकील गाठा. जहाज एकदा सुटलं की पुढच्या देशात, तिथल्या कायद्याखाली सगळं नव्याने मांडावं लागतं.

इंग्लिश धाटणीच्या कायद्यात अशा दाव्यात प्रतिवादी म्हणून जहाजालाच उभं करतात. मालकी कितीही कागदी कंपन्यांत गुंडाळलेली असो, जहाज तर समोर असतं. त्यातही पगार हा जहाजाला चिकटलेला हक्क आहे. मध्येच जहाज विकलं, नाव किंवा झेंडा (म्हणजे नोंदणीचा देश) बदलला, तरी तो सुटत नाही. म्हणून अर्जात 7 आकडी आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, न विसरता द्या. जहाज भंगारात जाईपर्यंत तो तोच राहतो. पण मुदतीकडे लक्ष ठेवा: जहाजावरच्या अशा हक्कांबद्दलच्या 1993 च्या आंतरराष्ट्रीय करारात हा हक्क 1 वर्षात संपतो.

वकील दावा, प्रतिज्ञापत्र, नोकरीचा करार आणि थकबाकीचा हिशेब दाखल करतो. न्यायाधीश हा अर्ज सहसा मालकाला न कळवताच ऐकतात, कारण कुणकुण लागली तर जहाज रातोरात निघून जाईल. आदेश झाला की कोर्टाचा माणूस तो जहाजावर बजावतो आणि बंदर खातं निघण्याची परवानगी रोखून धरतं. याला युद्धनौका अपवाद. 2012 मध्ये घानाच्या तेमा बंदरात अर्जेंटिनाची 'लिबर्ताद' अशीच अडवली होती, पण हॅम्बुर्गच्या समुद्र कायदा न्यायाधिकरणाने ती सोडायला लावली.

जहाज अडवलं म्हणजे ते तुमचं झालं असं नाही. ते फक्त तारण आहे. चालू धंद्यातला मालक बँक हमी किंवा विमा क्लबचं (जहाजमालकांच्या सामाईक विमा संस्थेचं) हमीपत्र देऊन जहाज सोडवून नेतो आणि दावा पुढे त्या हमीवर चालतो. मालकाने हात वर केले तर कोर्ट जहाज विकतं. त्या पैशातून आधी अटकाव आणि विक्रीचा खर्च निघतो, मग पगारासारखे हक्क, आणि कर्ज देणाऱ्या बँकेचा नंबर साधारणपणे त्यानंतर लागतो.

याला महिने लागतात, आणि ते महिने खलाशीच जहाजावर काढतात, हे मला फार लागतं. जेवण, पाणी, जनरेटरचं डिझेल यांचा खर्च बऱ्याच ठिकाणी आधी दावा करणाऱ्याला उचलावा लागतो. म्हणून एकट्याने जाऊ नका, सगळ्या खलाशांचे दावे एकत्र करा.

आणि कोर्टाच्या बरोबरीने दुसरा रस्ताही धरा. 2017 पासून सागरी कामगार करार (एमएलसी) या आंतरराष्ट्रीय कराराखाली जहाजाला आर्थिक हमी ठेवावी लागते. 2 महिने पगार नाही म्हणजे खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरलं जातं. मग विमा कंपनी 4 महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च देते. त्यासाठी जहाज अडवावं लागत नाही, झेंड्याच्या देशाने तो करार मान्य केलेला हवा. त्या हमीचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं. भावाला आजच त्याचा फोटो काढून पाठवायला सांगा आणि त्यावरच्या विमा कंपनीला लेखी कळवा.