वाचकांचे प्रश्न : नायिकेने वाचकापासून किती लपवावे?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील निवृत्त शिक्षक असून गेली दोन वर्षे एक रहस्यकादंबरी लिहीत आहे. नायिका बेळगावातील एका पतसंस्थेत रोखपाल आहे. ती सहज खोटे बोलते, हिशेबात लहानसहान फेरफार करते आणि ‘मी साताऱ्याहून लग्न होऊन आले, मला कन्नड येत नाही’ असे सर्वांना सांगते. प्रत्यक्षात ती गोकाककडची आहे, आणि वीस वर्षांपूर्वी निपाणीत वेगळ्या नावाने राहत असताना तिच्या हातून एका माणसाचा मृत्यू झालेला आहे. सारी कथा तीच सांगते. शेवटी सत्य कळल्यावर दोन मित्रांनी ‘आमची फसवणूक झाली’ असे म्हटले. रहस्यकथेत लपवायचे नाही, तर काय करायचे?

उत्तर : आपण पाठवलेली तीन प्रकरणे मी दोनदा वाचली. आपल्या मित्रांची तक्रार मला रास्त वाटते. मात्र तिचे मूळ लपवण्यात नाही. तिसऱ्या प्रकरणात नायिका रात्री एकटीच भांडी आवरताना ‘निपाणीशी माझा कधी संबंधच आला नाही’ असे मनाशी म्हणते. हेच तिने शेजारणीला, व्यवस्थापकांना किंवा नवऱ्याला सांगितले असते, तर ते तिच्या स्वभावाला धरून झाले असते. परंतु जिथे ऐकणारे कोणीच नाही, तिथे ती कोणाशी खोटे बोलते आहे? ते खोटे तिचे राहत नाही, लेखकाचे होते, आणि वाचकाला राग येतो तो नेमका याच जागी. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६ सालच्या एका गाजलेल्या कादंबरीवरून असाच वाद झाला होता. तिथला निवेदक कळीच्या क्षणी आपण काय केले ते गाळतो, पण जे सांगतो ते इतके जपून सांगतो की पुन्हा वाचताना चिडण्याऐवजी आपण थक्क होतो.

आपल्यापुढे दोन वाटा आहेत. ते वाक्य काढून टाकावे आणि तिला निपाणीचा विचारच टाळू द्यावा. माणसे असा विचार टाळतात, आणि टाळताना हातातले काम उगाच वाढवतात, हेही आपल्याला दाखवता येईल. किंवा सारे निवेदन कोणाला तरी उद्देशून असू द्यावे, म्हणजे ते पोलिसांना दिलेला जबाब असेल किंवा मोठ्या झालेल्या मुलीला लिहिलेले पत्र असेल. मला मुलीची कल्पना अधिक जवळची वाटते, कारण आईने मुलीपासून काही लपवले तर त्यात लबाडीबरोबर मायाही असते, आणि आपल्या नायिकेत सध्या कमतरता आहे ती त्या मायेचीच.

लपवायचे त्याच्या खुणा मात्र उघड्यावर ठेवाव्यात, आणि यासाठी आपला सीमाभाग फार उपयोगी आहे. पहिल्या प्रकरणात ती नोटा मोजताना पुटपुटत ‘ओंदु, एरडु, मूरु’ म्हणते असे दाखवा. बेळगावचा वाचक त्यावरून सहज पुढे जाईल, कारण इथे बाजारात दोन्ही भाषांत मोजणारी माणसे रोज भेटतात. ‘कन्नड येत नाही’ हे तिचे वाक्य मग चौथ्या प्रकरणात येऊ द्या. बसस्थानकावर फक्त कन्नडमध्ये पाटी असलेली बैलहोंगलची बस ती धावत जाऊन अचूक पकडते, एवढी दुसरी खूण पुरेशी आहे. तिचे बनावट अनुभवपत्र २००५ सालचे आहे, असे आपण लिहिले आहे. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘बेलगाम’चे ‘बेळगावी’ झाले. त्या पत्रावरील इंग्रजी शिक्क्यात नवे नाव असेल, तर एखाद्या चौकस लेखापरीक्षकाला तेवढे धागेदोरे पुरतील. हा शिक्का आपण आरंभीच वाचकाच्या हाती द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

एक चूक दुरुस्त करावी लागेल. ‘वीस वर्षे झाली, आता कायदा काही करू शकत नाही’ असे वकील तिला सांगतो, ते बरोबर नाही. तीन वर्षांपेक्षा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कालमर्यादा नव्हती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती नाही. सदोष मनुष्यवध या वर्गात येतो. त्यामुळे तिची भीती खरी ठरते आणि कथेला बळच मिळते. शिवाय निपाणी बेळगाव जिल्ह्यातच असल्याने तपास एकाच राज्याच्या पोलिसांकडे राहतो. ती घटना कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला घडवून पाहा : कागदपत्रे महाराष्ट्रात मराठीत, नायिका कर्नाटकात, इथल्या ठाण्यातली नोंद कन्नडमध्ये, आणि दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे कोणाच्याच लक्षात आलेले नाही.

प्रश्न : मी निपाणीत राहते. माझ्या कादंबरीच्या नायिकेची आई विडी कामगार होती. नायिका कर्जवसुलीत लोकांना छळते, आणि तिनेही पूर्वीचे आयुष्य दडवले आहे. तिचे बालपण इतके कष्टाचे दाखवा की वाचक तिला माफ करेल, असा सल्ला मला मिळाला. तो योग्य आहे का?

उत्तर : मला तो पटत नाही. विड्या वळणाऱ्या बायकांच्या पोटी जन्मलेल्या किती तरी मुली सचोटीने जगल्या, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. गरिबीला दोषाचे कारण ठरवले तर त्या सर्वांवर अन्याय होतो. कष्टांचे वर्णन जरूर करावे, पण विड्या वळून शेकड्याने मोजून देणाऱ्या आईकडून तिने काय उचलले ते त्यातून दिसू द्यावे : हातातला वेग, मोजणीतला काटेकोरपणा, आणि माल नाकारला जाण्याची कायमची धास्ती. ही धास्तीच तिला वसुलीत निर्दय करते, असे मला आपल्या टाचणावरून वाटले. वाचकाने तिला माफ करावे, ही अपेक्षा सोडून द्या. ती पुढे काय करील याची काळजी त्याला लागली तरी तो शेवटच्या पानापर्यंत येतो. ज्या प्रसंगात ती विधवेच्या घरची शिलाई मशीन उचलून आणते, तो पुन्हा लिहून पाहा, आणि त्यात तिच्या आईचा उल्लेख एकदाही येऊ देऊ नका.