तीन साउंडबॉक्स कशाला?

प्रश्न: फोंड्याला आमचं किराणा-जनरल दुकान आहे, मी आणि भाऊ बसतो. काउंटरवर तीन कंपन्यांचे साउंडबॉक्स, दोन कार्ड मशीन, बिलिंग सॉफ्टवेअरचं रिन्यूअल वेगळं. आता एकजण क्लाउडवालं सॉफ्टवेअर घ्या, ई-इन्व्हॉइस (सरकारच्या जीएसटी पोर्टलवर नोंदवायचं बिल) लागणारच आहे म्हणून मागे लागलाय. घ्यावं का? – एक वाचक, फोंडा

उत्तर: आत्ता नको. आधी बँकेचं स्टेटमेंट काढा आणि ऑटोडेबिटने दर महिन्याला काय काय कापलं जातंय ते भावासोबत बसून बघा, कारण ही भाडी छोटी असतात म्हणून कुणी बघतच नाही आणि वर्षाला चांगली रक्कम जाते. यूपीआयचा कुठलाही क्यूआर कुठल्याही अ‍ॅपने स्कॅन होतो, मग तीन बॉक्स कशाला? एक ठेवा, बाकीचे परत करा. सर्व्हर डाऊन झाला तर दुसऱ्या बँकेचा नुसता छापलेला क्यूआर गल्ल्याजवळ असू दे, त्याला भाडं नाही.

कार्डाचं पण तसंच. रुपे डेबिटवर जानेवारी 2020 पासून एमडीआर, म्हणजे कार्डाने पैसे घेतले की दुकानदाराकडून कापलं जाणारं कमिशन, शून्य आहे. बाकीच्या डेबिट कार्डांना रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलीय, मागच्या वर्षीची उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर मशीनवर 0.40 टक्के, त्याच्या वर 0.90. जास्त कापत असतील तर सरळ बँकेत जाऊन विचारा. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे घासाघीस करायची, लाजायचं नाही. आणि टुरिस्ट गिऱ्हाईक नसेल तर दुसरं मशीन हवंच कशाला?

ई-इन्व्हॉइसची भीती घालतात त्याचा मला खरंच राग येतो. ते 5 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना, तेही धंदेवाल्याला माल विकताना. काउंटरच्या गिऱ्हाईकाला नाही.

काम फास्ट व्हायला आहे त्याच सॉफ्टवेअरमध्ये सुट्ट्या मालाला, म्हणजे तांदूळ, साखर, कडधान्यं, छोटे कोड टाका, बिल तिथेच अडतं. दर आठवड्याला एक रॅक मोजा, एक्स्पायरी जवळ आलेला माल पुढे काढा. चवथीची ऑर्डर गेल्या वर्षीचा सेल रिपोर्ट बघून द्या, अंदाजाने नको, पैसे सगळ्यात जास्त तिथे अडकतात. पावसात लाईट जाते, तेव्हा यूपीएसची बॅटरी मे महिन्यातच तपासून घ्या आणि रोजचा बॅकअप पेनड्राइव्हवर.

उद्या दुसरं दुकान काढलंत तर क्लाउडचा विचार जरूर करा, दोन्हीकडचा स्टॉक एका जागी दिसतो. फक्त तेव्हा सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का ते पैसे भरायच्या आधी स्वतः करून बघा.