सातवी शिकलेल्या आईने पालकसभेत काय बोलावं?

ताई, मुलगी चौथीत आहे, तुम्ही स्वतः सातवी शिकलाय आणि "मी काय बोलणार" म्हणून सभेत मागे बसता, असं तुम्ही लिहिलंय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीलाच शिकवतो. खरं सांगू, आमच्या सभेत तुम्हाला बोलू देतो कोण? मीच कित्येक वर्षं आधार, पासबुक, गैरहजेरी एवढं वाचून दाखवायचो आणि सह्या घ्यायचो.

एकदा अपूर्णांक चालू होते. निम्मा वर्ग ठाम होता, १/२ पेक्षा १/४ मोठा, कारण ४ हा २ पेक्षा मोठा. कागदाच्या घड्या झाल्या, भाकरीची चित्रं झाली, काही उपयोग नाही. एका मुलीची आजी विसरलेला डबा द्यायला आली. दारातून फळा बघून म्हणाली, "गुरुजी, हे तर आमचं चिपटं-मापटं." दुसऱ्या दिवशी ती घरची मापं आणि पिशवीभर ज्वारी घेऊन हजर! दोन चिपट्यांत मापटं भरलं, दोन मापट्यांत शेर. चिपटं म्हणजे पाव, मापटं म्हणजे अर्धं. एकाने शीग लावली तर आजीने तळहाताने सपाट केली, "काठोकाठच भर, नायतर हिशोब चुकंल." शेरात तीन चिपटी पडल्यावर "पाऊण!" असं पोरंच ओरडली. तिची नात एरवी वर्गात तोंड उघडत नाही. त्या दिवशी तीच सगळ्यांच्या चुका काढत होती. घरी रोज तीच दळणाचं धान्य मापून देते, हे मला वर्षभर ठाऊकच नव्हतं.

मला हवं असतं ते हे. मुलगी घरी काय करते, कशात रमते, कशाला घाबरते, ते सांगा. आणि "या महिन्यात काय शिकवताय?" एवढं विचारा. मार्क नंतर विचारलेत तरी चालेल.

संकोच नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पालकांना नियमित भेटून मुलाची प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे. शाळा व्यवस्थापन समितीतही किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक लागतात आणि निम्म्या सदस्य महिला.

सभेच्या दिवशी मजुरी बुडत असेल तर सकाळी मुलीला सोडायला याल तेव्हा पाच मिनिटं थांबा. परिपाठाच्या आधी आम्ही मोकळेच असतो.