इंग्रजीतले रोजचे शब्द लॅटिनमधून आले की जर्मनमधून?

दोन्ही नाही. वॉटर, ब्रेड, हाऊस यांना जर्मनमध्ये वासर, ब्रोट, हाउस म्हणतात, म्हणून ते जर्मनमधून आले असं वाटतं. खरं तर इंग्रजी आणि जर्मन या दोघी बहिणी, आई एकच: प्राचीन जर्मॅनिक भाषा. पाचव्या शतकाच्या सुमाराला अँगल आणि सॅक्सन टोळ्यांनी तिच्या बोली ब्रिटनमध्ये नेल्या. लॅटिन-फ्रेंच शब्दांचा मोठा लोंढा आला तो 1066 मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर. कायदा, दरबार, विद्या यांचे शब्द बदलले, पण घरातले, शेतातले, शरीराचे बहुतेक शब्द जुनेच राहिले.

मला सगळ्यात आवडतो तो 'लॉर्ड'. जुन्या इंग्रजीत तो 'ह्लाफवेअर्द' होता. ह्लाफ म्हणजे पाव (आजचा 'लोफ'), वेअर्द म्हणजे राखणदार. थोडक्यात, घरच्या भाकरीचा राखणदार तो धनी! आणि 'लेडी'च्या मुळाशी आहे पीठ मळणारी. एवढे भारदस्त शब्द, पण जन्म स्वयंपाकघरातला.

'विंडो' मात्र व्हायकिंगांनी आणला. त्यांच्या नॉर्स भाषेत 'विंदआउगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा. आपल्या 'गवाक्ष'मध्येही डोळाच आहे की, गाईचा!

आणि हे नातं आपल्यापर्यंतही पोचतं. संस्कृतातल्या 'प'च्या जागी जर्मॅनिकमध्ये 'फ' येतो: पितृ-फादर, पाद-फूट. तसाच 'द'चा 'ट': दंत-टूथ, द्वि-टू. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये हे बदल नियम म्हणून मांडले. एकदा हा नियम कळला की शब्दकोश चाळताना अशा जोड्या आपसूक दिसायला लागतात.